खाचेतल्या तीन चिपा

तीन शनिवार एक मुलगी करवतीला हात लावत नव्हती आणि त्याचं कारण मी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागले तर वाचणाऱ्याने ती बेतानेच ऐकावी.

माझं ऑफिस अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. आजूबाजूला यंत्रांचे सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने आणि त्यांच्या मध्येच आमची काचेची इमारत. तिथून चालत दहा मिनिटांवर एक अनुदानित शाळा आहे. दर शनिवारी सकाळी दोन तास तिथे आठवी-नववीच्या चौदा मुलामुलींचा सुतारकामाचा वर्ग चालतो. तो मी सुरू केला, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे मी कारखान्यांच्या मागे पडलेली खोकी मागून आणायचे, हजेरी घ्यायचे आणि भाषण करायचे. शिकवणारे वेगळेच होते.

ते सत्तरीचे सुतार. गिंडीच्या एका कार्यशाळेत त्यांची उभी हयात गेली, लोखंडाच्या ओतकामाचे साचे करण्यात. लोखंडी भाग ओतायचा तर आधी तसाच भाग लाकडात करावा लागतो. तो वाळूत दाबून ठसा घेतात आणि त्या ठशात वितळलेलं लोखंड सोडतात. तो लाकडी भाग करणं हे त्यांचं काम. सुताराला इकडे तमिळमध्ये आसारी म्हणतात. मुलं त्यांना ‘आसारी तात्ता’ म्हणायची, म्हणजे सुतार आजोबा. मला ‘अक्का’. तमिळ मला ऐकून समजायचं, बोलता यायचं ते कँटीनपुरतं, आणि माझी करवत त्याहून वाईट. पहिल्याच शनिवारी मी फळी कापून दाखवायला गेले आणि करवत रेघ सोडून कडेला निघाली. तेव्हा मागून एक मुलगी म्हणाली, “अक्काची करवत बस पकडायला निघालीय.” वर्गात हशा पिकला. तात्ताही हसले. तीच ही मुलगी.

मी पत्रकांवर वाढले, अगदी शब्दशः. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. आमच्या दोन खोल्यांमध्ये जमिनीवर गठ्ठे असायचे आणि घड्या घालायचं काम माझ्याकडे. वाचायला शिकले ते त्या पत्रकांवरच. त्यामुळे मला ‘श्रम’, ‘शोषण’, ‘लढा’ हे शब्द ‘ससा’ आणि ‘कमळ’ यांच्याइतकेच लवकर भेटले. त्याचा मला आजही अभिमान आहे. पण पत्रकात दोनच माणसं असतात, अन्याय करणारा आणि सोसणारा. तिसऱ्याला त्या कागदावर जागा पुरत नाही. हे मला लहानपणी कळायचं कारण नव्हतं आणि मोठेपणी मी कळून घेतलं नाही.

दुसरी एक चीड माझ्या स्वतःच्या शाळेतली. आम्हाला कार्यानुभवाचा तास होता. आइस्क्रीमच्या काड्यांची घरं, क्रेपच्या कागदाची फुलं. वस्तू घरून करून आणायच्या आणि ज्याची आई हुशार त्याला जास्त मार्क. माझी आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करायला जायची. माझं घर मी एकटीने केलं, ते वाकडं झालं आणि बाईंनी ते प्रदर्शनात मागच्या रांगेत ठेवलं. मुलांना हातांनी काम शिकवतो म्हणायचं आणि त्यांचे हात सोडून बाकी सगळ्यांचे हात कामाला लावायचे, ही आपल्या शाळांची जुनी लबाडी आहे. ती लबाडी माझ्या वर्गात चालणार नव्हती. म्हणून पहिल्या दिवशी मी फळ्यावर एक नियम लिहिला: मुलांच्या कामाला मोठ्यांनी हात लावायचा नाही. मुख्याध्यापिकांनी तो तात्तांना तमिळमध्ये वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली. “सरि,” म्हणाले. ठीक आहे.

तात्ता शाळेतल्या सेंटिमीटरला भीक घालत नसत. त्यांचं माप इंच आणि नूल. इंचाचे आठ भाग केले की एक नूल. नूल म्हणजे धागा. आपले सुतार त्याच मापाला सूत म्हणतात, हे मी मुलांना सांगितलं तेव्हा ती मुलगी म्हणाली, “म्हणजे तुमच्याकडेही लाकूड कापड समजूनच मोजतात.” तिला असं काहीतरी बोलल्याशिवाय राहवायचं नाही. पण हात फार शांत. करवत धरली की तोंड बंद. पटाशी वापरून झाली की पुसून, धार आतल्या बाजूला करून जागेवर ठेवायची. म्हणून तात्तांच्या स्वतःच्या पेटीतलं हत्यार घ्यायची परवानगी वर्गात फक्त तिला होती.

तिची आई वसाहतीतच पॅकिंगच्या कामाला होती. दहावीनंतर आयटीआयमध्ये सुतारकामाला जायचं, असं त्या मुलीने घरी सांगितलं होतं. आई ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, की आधी घरात ठेवता येईल अशी एक वस्तू करून आण, मग बोलू. ती वस्तू म्हणजे एक मांडणी. दोन फूट उंचीच्या दोन उभ्या फळ्या, तळाला एक फळी, वर दोन कप्पे. कप्प्यांसाठी उभ्या फळ्यांना आतून समोरासमोर खाचा पाडायच्या आणि त्यात आडवी फळी सरकवून बसवायची. खिळा नाही. खाच सैल झाली तर कप्पा डुगडुगतो, घट्ट झाली तर आत शिरत नाही. तिने दोन शनिवार खालच्या खाचांना दिले आणि तिसरा वरच्या खाचांना.

त्यानंतरच्या शुक्रवारी आमच्या ऑफिसला सुट्टी होती. लाकूड टाकायला म्हणून मी दुपारी शाळेत गेले. तात्ता शुक्रवारी येऊन हत्यारांना धार लावतात हे मला माहीत होतं. खोलीचं दार उघडं होतं. ते बाकावर वाकले होते आणि त्यांच्यापुढे त्या मुलीची मांडणी सुटी करून ठेवलेली होती. एका खाचेत त्यांनी लाकडाची बारीक चीप गोंद लावून बसवली होती आणि दुसऱ्या कडेने ते पटाशीने लाकूड काढत होते. इतक्या हळू, की पटाशीचा आवाजही येत नव्हता.

मी दारातूनच परत फिरले. त्यांनी मला पाहिलं नाही. तिथे आत जाऊन विचारलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला विचारायचं नव्हतं, मला पकडायचं होतं. घरी जाऊन मी मोबाईलवर वाक्यं तमिळमध्ये करून घेतली, वहीत देवनागरीत उतरवली आणि तीनदा मोठ्याने वाचली.

शनिवारी हजेरी झाल्यावर मी वही काढली. माझ्यासमोर चौदा मुलं, कडेला तात्ता. मी म्हणाले, की या खोलीत एक खोटं चाललंय. तुमचं काम तुमचं नाही. तुम्ही गेल्यावर मोठी माणसं ते दुरुस्त करतात आणि तुम्हाला वाटतं, आपल्याला येतं. हा तुमच्या हातांचा अपमान आहे. मग मी ती मांडणी उचलून वर धरली.

मी नाव घेतलं नव्हतं, पण मांडणी कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तात्तांनी रंधा खाली ठेवला आणि शर्टाच्या टोकाने हात पुसायला लागले, पुसतच राहिले. ती मुलगी पुढे आली. तिने माझ्या हातातून मांडणी घेतली, कप्पे ओढून काढले आणि खाचांवरून नख फिरवलं. एक चीप सापडली. दुसरी. तिसरी. एकेक सापडली की ती बोट तिथेच धरून क्षणभर थांबायची.

“म्हणजे मला येतच नाही,” ती म्हणाली. “असंच ना, अक्का?”

“तसं नाही, मला म्हणायचं होतं की...” पण पुढचं वाक्य माझ्या वहीत नव्हतं.

“पोदुम,” ती म्हणाली. पुरे.

मुख्याध्यापिकांनी मला तास संपल्यावर बोलावून घेतलं. त्या तंजावरकडच्या, मराठी घरातल्या. त्यांची मराठी कितीतरी पिढ्या तमिळ देशात मुरलेली. शब्द आपले, चाल तमिळ. एरवी मला ती ऐकायला गोड वाटायची.

“तुम्हीं खरें बोललांत,” त्या म्हणाल्या. “त्यांत लबाडी नाहीं. पण कोणास बोललांत?”

“सगळ्यांसमोरच बोलायला हवं होतं. खोटं सगळ्यांसमोर चाललं होतं.”

“त्या म्हाताऱ्यास विचारलेंत, कां केलें म्हणून?”

मी वही पिशवीत घातली.

“नाहीं विचारलेंत. बरें. आणि पोरीस?”

“तिला काय विचारणार? तिला तर माहीतच नव्हतं.”

“मग जिला माहीत नव्हतें, तिला चौदा पोरांमध्ये उभी करून शिक्षा कशाची?” त्यांनी फाइल बंद केली. “तुम्हांस भाषण फार चांगलें येतें, अम्मा. शाळेंत तें आम्हां सगळ्यांस येतें.”

मला राग आला होता, आणि तो बरेच दिवस टिकला. मी स्वतःशी भांडत होते, की तत्त्वाला मुरड घालायची नाही, मुलांशी खोटं वागायचं नाही, यात चूक काय? आजही मला त्यात चूक दिसत नाही. पण तिकडे दर शनिवारी ती मुलगी यायची, हजेरी द्यायची आणि खिडकीपाशी बसून इतरांच्या फळ्यांना काचकागद मारायची. पहिल्या शनिवारी मी तिला करवत नेऊन दिली. तिने ती शेजारच्या मुलाला दिली. दुसऱ्या शनिवारी म्हणाले, नवीन फळी घे. ती म्हणाली, “लाकूड वाया जाईल, अक्का. तात्तांना परत रात्रंदिवस राबावं लागेल.” तिसऱ्या शनिवारी मैत्रिणीला सांगताना मी ऐकलं, की ती अकरावीला कॉमर्स घेणार आहे. कॉमर्समध्ये वाईट काही नाही. पण ते ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज मी ओळखत होते. मागच्या रांगेत ठेवलेल्या घराकडे बघताना माझ्या घशात तोच होता.

चौथ्या शनिवारच्या आदल्या दिवशी मी ऑफिसमधून दोन तास मागून घेतले आणि शाळेत गेले. तात्ता धार लावत होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि वहीशिवाय, मोडक्या तमिळमध्ये विचारलं, “का केलंत?”

त्यांनी हातातल्या पटाशीची धार पुरी केली. मग म्हणाले, “साच्यात चूक राहिली, तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक लोखंडात ती उतरते. चूक दिसली आणि सोडली, असं मी कधी केलं नाही. हात थांबत नाहीत, अम्मा. खाचा सैल होत्या, मी भरल्या. तुमचा नियम मोडला. ते खरं आहे.”

“तिन्ही?”

“दोन.” ते उठले आणि पेटीतून दोन पोलादी पट्ट्या काढून बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या. “ही वर्गातली. ही माझी जुनी. बघा.”

दोन्हींची सुरुवात त्यांनी एका रेघेला जुळवली. एक इंचावर दोन्ही सारख्याच दिसत होत्या. सहावर जुनी पट्टी किंचित पुढे. बारावर चांगली नूलभर पुढे.

“खराब झालीय?” मी विचारलं.

ते त्या दिवशी पहिल्यांदा हसले. “लोखंड गार होताना आखडतं. फुटाला एक नूल. म्हणून साचा तेवढा मोठा करायचा. ही पट्टी त्यासाठीच आहे. हिचा फूटच मोठा आहे. लोखंडाचं माप.” मग हसू गेलं. “त्या दिवशी वर्गातली पट्टी दुसऱ्या कोणाकडे होती. पोरीने माझ्या पेटीतून ही घेतली. डावीकडच्या वरच्या खाचेचे अठरा इंच हिने मोजले, उजवीकडचे वर्गातल्या पट्टीने. दीड नूलचा फरक. कप्पा तिरका बसला. तिची रेघ बरोबर होती, काप रेघेवर होता. ही पट्टी पेटीत उघडी ठेवली, ती माझी चूक. शुक्रवारी मी माझी चूक दुरुस्त करत होतो.”

“मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही बोलायला जागा ठेवली होती का?” ते म्हणाले. मग जुनी पट्टी पेटीत परत ठेवत, “आणि लाज वाटली. इतकी वर्षं काम केलेला माणूस, आणि पट्टी बाहेर ठेवली. पोरीला सांगायला हवं होतं. तुमच्या भाषणामागे मी लपलो.”

एवढं सरळ कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. मी काहीतरी ‘आपण दोघेही’ अशा धर्तीचं बोलायला गेले, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि पुन्हा धार लावायला घेतली.

शनिवारी त्यांनी दोन्ही पट्ट्या सगळ्यांसमोर बाकावर ठेवल्या आणि मला सांगितलं ते सगळं मुलांना सांगितलं. मुलं पट्ट्यांवर तुटून पडली. एक जण म्हणाला, या पट्टीने मोजलं तर आपली उंची कमी येईल का, आणि मग सगळ्यांनी त्याची उंची मोजायला घेतली. त्या गोंधळात मी खिडकीपाशी गेले. माफी मागायची होती आणि या खेपेला लिहून आणलं नव्हतं. “मी तुला न विचारता बोलले,” मी म्हणाले. “सगळ्यांसमोर बोलले. ते चुकलं. रागावली असशील तर बरोबर आहे.”

ती माझ्याकडे न बघता तात्तांना म्हणाली, “आणि बाकीच्या दोन?”

मला वाटलं, आता तरी ते गोड काहीतरी सांगतील. नियम माझा असूनही ते मलाच हवं होतं.

“त्या तुझ्या,” तात्ता म्हणाले. “रेघेच्या बाहेरून कापलंस. दोन्ही वेळा. घाई केलीस.”

“किती बाहेर?”

“अर्धा नूल.”

तिने काचकागद खाली ठेवला. खोक्यांच्या ढिगाऱ्यातून नव्या मांडणीसाठी दोन फळ्या निवडल्या, एक परत टाकली, दुसरी घेतली. वर्गातली पट्टी त्या उंचीवाल्या मुलाच्या हातातून ओढून घेतली. मग वळून म्हणाली, “तात्ता, तुम्ही तिकडे बसा. अक्का, तुम्ही पण. कोणी जवळ यायचं नाही.”

आम्ही दोघं दाराजवळच्या बाकावर शाळकरी मुलांसारखे बसलो. तिने रेघा मारल्या, काटकोनाचा गुण्या लावून तपासल्या, करवत धरली. तात्तांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. मला वाटलं होतं, आता सगळं बरोबर येईल. इतकं सोसल्यावर तेवढं तरी व्हावं. आलं नाही. एक खाच नीट बसली. दुसरीत कप्पा सरकवला तर एका टोकाला फट राहिली, नख जाईल एवढी. तिने कप्पा काढला, पुन्हा घातला. फट तिथेच.

“तात्ता,” ती म्हणाली, “ती चीप कशी बसवता?”

ते उठले.

“हात नाही लावायचा. दाखवायचं.”

त्यांनी टाकाऊ लाकडाचे दोन तुकडे उचलले आणि तिच्या शेजारी, स्वतःच्या तुकड्यात एक खाच मुद्दाम सैल कापली. आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक. मग तिने बघायचं आणि तिच्या फळीत करायचं, त्यांनी पुढचं करायचं, तिने बघायचं. चिपेच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळायला हव्यात. गोंद पातळ. दाबून धरायचं आणि मनात शंभर मोजायचे. ती मोठ्याने मोजत होती, तात्ता मनात. माझ्या नियमात दुरुस्ती हा शब्दच नव्हता. मुलांनी चुकू नये किंवा चुकलेलं तसंच मिरवावं, एवढ्या दोनच वाटा मी त्यांना ठेवल्या होत्या. चूक आपल्या हाताने भरून काढणं हेही कामच असतं, आणि ते शिकवावं लागतं, हे मला त्या दोघांनी समोर करून दाखवेपर्यंत सुचलं नव्हतं.

मांडणी पुरी व्हायला आणखी दोन शनिवार लागले. न्यायला तिची आई आली, पॅकिंगच्या युनिटचा निळा कोट अंगावर तसाच. तिने मांडणी जमिनीवर ठेवली, वरून दोन्ही हातांनी दाबली, हलवून बघितली. मग आतून बोट फिरवलं आणि थांबली.

“इथे काय झालंय?”

“चुकलं होतं,” मुलगी म्हणाली. “मग मी नीट केलं.”

“दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं.”

“तुला दिसलं की.”

“मी दिवसभर खोकी तपासते,” आई म्हणाली. “मला दिसणारच. तिकडून धर.”

दोघींनी मांडणी दोन बाजूंनी उचलली. दाराशी आई थांबली आणि मला म्हणाली, “टीचर, ते आयटीआय. तिथे त्या सुतारकामाच्या वर्गात किती मुली असतात? आणि मुलींसाठी वेगळं बाथरूम आहे का?”

स्त्रियांनी हत्यारं हाती घ्यावीत, यावर मी उभ्याउभ्या अर्धा तास बोलले असते. हे मात्र मला माहीत नव्हतं.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “सोमवारी स्वतः जाऊन बघून येते.”

“बघूनच या,” ती म्हणाली. “फोनवर कोणी खरं सांगत नाही.”